उथळ बाजूची आत्या

पोहण्याच्या दोन तलावांवरून नकार आला होता. तिसऱ्या तलावावरचे मास्तर तयार झाले, पण अट घालून. "हिच्यासोबत कुणीतरी पाण्यात उतरायला हवं. मला वीस पोरं सांभाळायची असतात."

ठमी नऊ वर्षांची. बोलायची नाही, अचानक हात लावला की किंचाळायची, पण पाणी दिसलं की खुलायची. आई गेली, बाप जहाजावर, म्हणून ती आत्याकडे वाढत होती. आत्या शाळेचे गणवेश शिवायची. एक्कावन्न वर्षांत ती बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी गेली नव्हती. तरी म्हणाली, "उतरते मी."

पोशाख तिने घरीच शिवला, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखालपर्यंत पाय. तो पाहून बाकावरच्या आयांमध्ये खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजताच ठमीने किंकाळी फोडली, तेव्हा दोघींनी आपली मुलं पलीकडे नेली.

छातीभर पाण्यात आत्याने एका हाताने कठडा धरून ठेवला होता. "मास्तर, शिट्टीऐवजी हात वर कराल?"

"पोरं बघतील का?"

"ही बघेल. बाकीची शिकतील."

मास्तरांनी करून पाहिलं. जमलं.

मग तिने कापडाच्या चिंध्यांवर चित्रं शिवली: आधी पाय, मग तोंडाने बुडबुडे, मग हात. रोज त्याच क्रमाने ती ठमीला दाखवायची. सात महिने बाकावरून तिच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. घरी ठमी गप्प, शिलाईयंत्र तेवढं खडखडायचं.

एका गुरुवारी ठमीने तिचा हात सोडला आणि इतर मुलांमागून थेट खोल बाजूच्या दोरापर्यंत गेली.

"आत्याबाई, जिंकलात!" मास्तर ओरडले. "उद्यापासून बाहेर बसा. तुम्ही पाण्यात दिसलात की ती मागे फिरते."

"बरं झालं," आत्या म्हणाली. घरी येऊन तिने एका गणवेशाची बाही उलटी जोडली आणि मग बसून ती उसवली.

दुसऱ्या दिवशी बाकावर नव्यानेच येऊ लागलेल्या एका बाईने पर्स उचलून तिला जागा दिली. "तुमची कोणती हो?"

"निळ्या टोपीवाली. भाची."

"छान पोहते!"

आत्याने मान हलवली. उथळ बाजूला कुणीच नव्हतं. तिथलं पाणी नुसतं हलत होतं.

वर्ग सुटल्यावर ती मास्तरांकडे गेली. "बायकांचा वर्ग असतो का?"

"कुणासाठी?"

"मला पोहता येत नाही."

मास्तरांना हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. "पाच जणी जमवा, घेतो."

पाच जणी! तिच्या ओळखीच्या पाच जणी नव्हत्याच. ती बाकापाशी परतली, पदर सावरला आणि सगळ्यांना विचारलं. कुणाला वेळ नव्हता, कुणाला सर्दीचा त्रास होता. पर्सवाली तेवढी रेंगाळली.

"मला पाण्याची भीती वाटते हो."

"मलाही," आत्या म्हणाली.

दोघी झाल्या. अजून तीन हव्या होत्या.