कोराची एकुलती एक विद्यार्थिनी

मित्रांनो, मी एक जुनी घडीची लाकडी खुर्ची आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरातल्या एका लहानशा गावाच्या सभागृहात माझा मुक्काम असतो. माझा एक पाय किंचित आखूड आहे, त्यामुळे माझ्यावर कुणी टेकलं की मी 'टक्' करते. असं असलं तरी मला माझ्या देशाचं संविधान येतं. हसू नका. ते कसं आलं, तेच सांगणार आहे.

नदीकाठच्या कारखान्यात मेपलच्या लाकडातून माझा आणि माझ्या बहिणींचा जन्म झाला. गावाने आम्हाला एकदमच विकत घेतलं. आमच्यावर बसून लोकांनी नाच पाहिले, लग्नांची जेवणं जेवली, मयताला डोळे पुसले. पण आमचा खरा मान गावसभेच्या दिवशी. मार्चचा पहिला मंगळवार उजाडला की सगळं गाव आमच्यावर येऊन बसायचं आणि रस्त्यांपासून शाळेपर्यंतचे निर्णय तिथल्या तिथे हात वर करून घ्यायचं. जाता जाता कुणीतरी पाठीवर थोपटून म्हणायचं, "खुर्च्या मात्र भक्कम हं!" मला फार बरं वाटायचं.

पुढे लोखंडी खुर्च्या आल्या आणि आमची रवानगी तळघरात झाली. तिथल्या ओलीने माझा सांधा सैल पडला. कुणी विचारपूस केली नाही. शेवटी वाचनालय सांभाळणाऱ्या मिसेस थेयरना माझी दया आली. त्यांनी मला पुसून वर आणलं आणि सभागृहाच्या मागच्या छोट्या खोलीत, वाचनालयात, ठेवलं. तिथेच मला कोरा भेटली.

कोरा बुशी अकरावीत होती. तिची आई वृद्धाश्रमात कामाला, संध्याकाळी उशिरा सुटायची. शाळेची बस कोराला सभागृहापाशी सोडायची. घरी इंटरनेट धड चालत नसे, म्हणून ती वाचनालयात बसे. तिला राज्यशास्त्राची वरच्या दर्जाची परीक्षा द्यायची होती, कॉलेजात मान्य होते ती. पण तिच्या शाळेत तो वर्गच नव्हता. नदीपलीकडच्या शाळेने "मे महिन्यात आमच्याकडे येऊन पेपर दे" एवढं कबूल केलं होतं. शिकवणारं मात्र कुणी नव्हतं.

"आमचे सर म्हणाले, शिक्षकाशिवाय हा विषय झेपायचा नाही," तिने एकदा मिसेस थेयरना सांगितलं.

"मग तूच हो शिक्षक. आहे काय त्यात?" मिसेस थेयर पुस्तकांवरची धूळ झटकत म्हणाल्या.

कोराने ते मनावर घेतलं. तिने मला ओढून आपल्यासमोर ठेवलं आणि शिकवायला सुरुवात केली. राष्ट्राध्यक्षाने फेटाळलेला कायदा संसद पुन्हा कशी मंजूर करते, न्यायालय तो कसा रद्द करू शकतं, सगळं ती मला समजावून सांगे. चुकली की स्वतःच जीभ चावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी वागवलं नव्हतं.

एकदा रुएल आला. हा गाईवाला, गावात सगळ्यांची खोड काढणारा. बायकोची पुस्तकं परत करायला आला आणि दारातच थबकला.

"काय गं, खुर्चीला कळतंय का काही?"

"तुमच्यापेक्षा बरं ऐकते, मिस्टर रुएल. मध्ये मध्ये बोलत नाही."

रुएल हसत हसत गेला. पण खोट नेमकी तिथेच होती. परीक्षेत एक मोठा निबंध असतो. त्यात एक बाजू घ्यायची, पुरावे द्यायचे आणि विरोधकाच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं. कोरा दोन्ही बाजू सुरेख मांडायची आणि मध्येच अडकायची. "दोघांचंही बरोबर वाटतं गं मला," ती कपाळाला हात लावून माझ्याकडे पाहायची. मी तिला विरोध कसा करणार? मला बोलता आलं असतं तर त्या दिवसांत मी तिच्याशी कडाडून भांडले असते.

मार्च आला. गावसभेला खुर्च्या कमी पडल्या म्हणून मलाही बाहेर नेलं. कोरा माझ्यावरच बसली. भट्टीत शिजलेल्या घेवड्याचा वास स्वयंपाकघरातून येत होता, आणि रुएलने ठराव मांडला: खोल्या तापवायचं तेल वाचवण्यासाठी यापुढे हिवाळ्यात वाचनालय बंद ठेवावं. कोराचं अंग ताठ झालेलं मला जाणवलं. ती उठली.

"कोरा, तू अजून मतदार नाहीस," सभाध्यक्ष मिस्टर गोव्ह म्हणाले. "सभेची परवानगी लागेल. कुणाची हरकत?"

"बोलू दे की," रुएलच म्हणाला. "माझ्या गाईही मतदार नाहीत, पण रोज पहाटे बोलतात."

सभा खदखदून हसली. कोराने माझी पाठ घट्ट धरली. तिने देशाच्या संस्थापकांपासून सुरुवात केली, मग तेलाची बाजू सांगितली, मग पुस्तकांची, मग परत तेलाची.

"अगं पोरी, तू आहेस कुणाच्या बाजूची?" रुएल ओरडला.

कोरा स्पष्ट म्हणाली, "वाचनालय उघडं ठेवण्याच्या."

"आणि तेल काय तुझा बाप देणार?"

"तेल वाया जातंय हे तुमचं बरोबर आहे. पण ते वाचनालयात नाही, या मोठ्या सभागृहात जातंय. मी रोज इथे असते. हिवाळाभर हे रिकामं असतं आणि तरी तापवलेलं असतं. हे बंद ठेवा, सभेच्या दिवशी तेवढं तापवा."

"नळ गोठतील!"

"नळ वाचनालयाच्या आणि स्वयंपाकघराच्या बाजूला आहेत. या भिंतींत नळच नाहीत. बघा ना."

सगळ्यांनी माना वळवून भिंती पाहिल्या. रुएलनेही पाहिल्या. मग डोकं खाजवत म्हणाला, "गोव्हसाहेब, तिला ठरावात दुरुस्ती मांडता येत नाही ना? मग ती माझ्या नावावर घाला. पोरगी भांडायला बरी आहे."

आवाजी मतदानात 'हो' आणि 'नाही' सारखेच वाटले. तेव्हा मिस्टर गोव्ह म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी उभं राहा." खुर्च्या कुरकुरल्या. माणसं एकेक करून उठली. कोरा तेवढी बसून राहिली, मुठी आवळून, कारण मत नसलेल्याने उभं राहायचं नसतं. दुरुस्ती मंजूर झाली. वाचनालय वाचलं.

त्यानंतर रुएल अधूनमधून वाचनालयात डोकावू लागला. माझ्यावर बसायचा आणि कोरा जे म्हणेल त्याच्या नेमकं उलट बोलायचा. मी खाली 'टक् टक्' करत ऐकायचे. मे महिन्यात ती परीक्षेला गेली आणि जुलैत धावत आली. मला समोर ओढून म्हणाली, "पाचपैकी चार! निबंध लिहिताना तू नाही आठवलीस गं, रुएल आठवला." मला जराही वाईट वाटलं नाही. शिक्षिका पास झाली होती.

मित्रांनो, तुम्ही एकटे शिकत असाल तर समोर एखादी खुर्ची जरूर ठेवा. पण कधीमधी तिच्यावर भांडणारं माणूसही बसवा. आणि आम्हा जुन्यांना तळघरात टाकू नका. सांध्याला सुताराचा चमचाभर सरस लावला की आम्ही पुन्हा उभ्या राहतो. माझ्या सांध्याला तो रुएलनेच लावला, कुरकुर करत.

यंदाच्या मार्चपर्यंत कोरा अठरा वर्षांची झाली होती. ती पुन्हा माझ्यावरच बसली. लोखंडी खुर्ची जवळ होती, तरी बसली नाही. शाळेच्या छपराचा ठराव आला आणि मिस्टर गोव्ह म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी उभं राहा." माझ्यावरचं ओझं हलकं झालं. इतकी वर्षं लोक बसले की मला माझं सार्थक झाल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र मी रिकामी होते, आणि तेवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता.