शहराला वळसा

सून दुसऱ्या घरी जायला निघाली त्या सकाळी रडारड होणार असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. झालं भांडण, आणि तेही रस्त्यावरून.

"घाटातून?" काचवाल्यांची बायको हातातली किटली तशीच धरून उभी राहिली. "या थंडीत? समोर हमरस्ता पडलाय तो सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला?"

"शहरात गर्दी असते." काचवाले खालमानेनं बुटाच्या नाड्या बांधत होते.

"गर्दी काय आज झाली? जग जातंच ना तिच्यातून? दुपारी पोचायचं ते रात्र कराल. तिकडे तो माणूस वाट बघत बसेल."

"बसू दे. पंचेचाळिशीपर्यंत बसला, आणखी चार तासांनी काही म्हातारा होत नाही."

सून आपल्या लेकीच्या, ठकीच्या, कोटाची बटणं लावत होती. तिनं सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या आई. घाटातूनच जाऊ. ठकीला बर्फ बघायला मिळेल."

भांडण तिथंच मिटलं. किटलीतला चहा मात्र कुणीच घेतला नाही.

काचवाल्यांना सगळं गाव काचवाले म्हणूनच ओळखायचं. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या शोकेसच्या काचा, आरसे; कापायच्या, गाडीतून न्यायच्या, बसवून द्यायच्या. गाडीच्या मागच्या भागात त्यांनी स्वतः ठोकलेल्या लाकडी चौकटी होत्या. प्रत्येक खाचेला जाड लोकरी नमदा लावलेला, म्हणजे काच उभी राहावी आणि हादरा बसू नये. आज त्या चौकटी काढून ठेवल्या होत्या. त्यांच्या जागी सुनेच्या दोन ट्रंका, शिवणयंत्र, ठकीची तीनचाकी सायकल आणि गादीची वळकटी अशी सगळी चीजवस्तू भरली होती.

मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो बापाबरोबर दुकानात होता. त्याच्यामागं सून दुकानात आली, काच कापायला शिकली, गाडी चालवायला शिकली. हात कापून घेतले तरी कुरकुर केली नाही. तिचं दुसरं लग्न व्हावं असं आधी बोलली ती सासूच. "आपण काय तिला जन्माला पुरणार आहोत?" असं म्हणून तिनंच हे बेकरीवाल्याचं स्थळ काढलं. माणूस साधा, थोडा पोक्त, ठकीला पहिल्या भेटीतच पावाच्या पिठाचं कासव करून देणारा. गेल्या आठवड्यात कचेरीत जाऊन सह्याही झाल्या होत्या. पण बेकरीवाल्याचं गाव शहराच्या पलीकडे होतं आणि काचवाल्यांनी दोन वर्षांत शहरात पाऊल टाकलं नव्हतं.

गिऱ्हाइकांना ते सांगत, "काचेला ब्रेक सोसत नाही. गर्दीत दर दहा हातांवर ब्रेक. त्यापेक्षा वळसा परवडला." ते खोटंही नव्हतं. पण मुलगा शेवटी शहरातल्याच हॉस्पिटलात होता, आणि त्या दिवशी बाप त्याच्याकडे जायला निघाला तेव्हा पुलावरच्या गर्दीत अडकला होता. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

गाडी निघाली तेव्हा धुकं होतं. पुढच्या लांब सीटवर मध्ये ठकी, तिच्या मांडीवर बिस्किटांचा डबा. काचवाले बाहीनं समोरची काच पुसत चालवत होते. धुकं फिटलं तशी रस्त्याकडेची गावं दिसायला लागली.

"ती हिरवी खिडकी बघितलीस? ती आपली," ते म्हणाले. "आणि त्या शाळेच्या सगळ्या काचा आपल्या."

"ती फुटलेली पण?"

"ती मुलांची."

ठकी खूप हसली. सूनही हसली. पेट्रोल पंपाशी त्यांनी चहा घेतला, उकडलेली अंडी खाल्ली. मीठ कागदाच्या पुडीत घट्ट झालं होतं, ते नखानं खरवडून घ्यावं लागलं.

"आजोबा, तुम्ही पण तिकडेच राहणार ना?" ठकीनं विचारलं.

"मग आजीला छळायला कोण?"

"आजीला पण आणू."

"आजीला आणलं तर मग घराला छळायला कोण?" ते म्हणाले खरं, पण पुढचं अंडं त्यांनी पंपावरच्या कुत्र्याला घातलं.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर आडवा दांडा टाकलेला होता. शेजारी फावडं घेऊन, कानाला मफलर गुंडाळलेला एक माणूस उभा होता.

"वर बर्फ पडलाय," तो म्हणाला. "ट्रक आडवा झालाय. उद्या दुपारपर्यंत तरी घाटाचं नाव काढू नका."

"दुसरी वाट?"

"आहे की. मागं फिरा आणि शहरातून जा."

काचवाल्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. "मागं एक लॉज दिसलं होतं," ते म्हणाले. "रात्र काढू. सकाळी बघू."

"बाबा, ते वाट बघतायत. आणि ठकीला खोकला आहे."

"मला नाही गं जमायचं शहरातून."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. सून दार उघडून खाली उतरली, गाडीला पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

ते सरकले.

शहर लागलं तेव्हा दिवे लागले होते. ठकी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. गर्दी म्हणजे किती गर्दी! बसला बस चिकटलेली, मधल्या फटीतून स्कूटर घुसतायत, पुढं नजर जाईल तिथपर्यंत लाल दिवे. सून पहिल्या गिअरमध्ये गाडी हाताएवढी पुढं घ्यायची आणि थांबायची. पूल चढताना सगळंच ठप्प झालं. पुलाला लागून एक टायरचं दुकान होतं. त्याच्या गच्चीवर माणसापेक्षा मोठा, सिमेंटचा टायर.

"इथंच होतो मी," काचवाले म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी. याच टायरकडे बघत बसलो होतो."

सुनेनं वर टायरकडे पाहिलं.

"पुलाखालून वळलो असतो ना, तर गाठलं असतं त्याला. मी नंतर कितीदा मनात धरून बघितलं. खालून गेलो असतो तर थोडा तरी जिवंत असता तो."

"नसते."

"तुला काय माहीत? मी हा रस्ता..."

"बाबा, तुमचा फोन आला तेव्हा ते गेले होते."

मागच्यानं हॉर्न वाजवला. पुढची गाडी सरकली होती. सुनेनं आपली गाडी तेवढी पुढं घेतली आणि ब्रेक लावला.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही घरून निघालात, त्यानंतर लगेच गेले. तुम्ही शहरातसुद्धा शिरला नव्हतात. मग तुमचा फोन आला. अडकलोय म्हणालात, त्याच्या कानाला लाव म्हणालात. मी काय सांगणार होते? तुम्ही एकटे, हातात गाडी, चारी बाजूंनी बस."

"तू म्हणालीस, बोला बाबा, ऐकतायत ते."

"म्हणाले."

"मी किती बोललो त्याच्याशी!"

"खूप बोललात. मी फोन धरून बसले होते. नर्स दाराशी उभी राहिली, कुणाला आत येऊ दिलं नाही. ती खडूस म्हणायचे बघा हे, तीच."

काचवाल्यांनी ठकीच्या डोक्याखालचा हात हलवला नाही. त्या दिवशी ते काय काय बोलले होते ते त्यांना सगळं आठवत होतं. लवकर उठ, शोकेसची काच मला एकट्याला उचलवत नाही, असं म्हणाले होते. लहानपणी फोडलेल्या आरशावरून मारलं होतं, ते चुकलंच माझं, म्हणाले होते. आणि जन्मात कधी तोंडावर म्हटलं नव्हतं ते म्हणाले होते, की तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, मी मुद्दाम कबूल करत नव्हतो, तू डोक्यावर बसशील म्हणून. निदान एवढं तरी बोलून झालं, या आधारावर त्यांनी दोन वर्षं ढकलली होती. आता तो आधारही गेला.

"दोन वर्षं!" ते एकदम म्हणाले. ठकी चाळवली, तसा त्यांनी आवाज खाली घेतला. "दोन वर्षं मी स्वतःला खातोय आणि तू बघतेयस. तोंडातून एक शब्द काढला नाहीस?"

"आईंमुळे."

"तिचा काय संबंध?"

"आई आल्यागेल्याला काय सांगतात? बापाचा आवाज ऐकत गेला माझा लेक. त्या एका वाक्यावर उभ्या आहेत त्या. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला घरात लपवता आलं असतं? तुमच्या तोंडावर तर सगळं दिसतं." तिनं गालावरचं पाणी मनगटानं पुसलं, पण नजर रस्त्यावरच ठेवली. "गाडी तुमच्या हातात असती तर आजही नसतं सांगितलं. पण मी आता जातेय. तुम्ही असेच आयुष्यभर वळसे घालत फिरणार, ते मला तिकडे बसून सोसवलं नसतं."

पूल उतरल्यावर डाव्या हाताला हॉस्पिटल आलं. मोठी, पांढरी, सगळ्या हॉस्पिटलांसारखीच इमारत. खिडक्यांना जाड, न उघडणाऱ्या काचा.

"कितवा मजला गं?" त्यांनी विचारलं.

"पाचवा. पण या बाजूनं दिसत नाही. खोली मागच्या अंगाला होती."

तरी ते मान वळवून बघत राहिले, इमारत मागं पडेपर्यंत.

बेकरीवाला फाटकातच उभा होता. अंगात एप्रन, भुवयांना पीठ. सामान उतरवताना त्यानं शिवणयंत्र एकट्यानंच उचललं आणि धाप लागली तरी लागली नाही असं दाखवलं. काचवाल्यांना काय म्हणावं ते त्याला कळेना. "या, बा..." एवढं म्हणून तो थांबला, मग म्हणाला, "या, आत या. हात शेका." रात्री त्यानं गरम सूप आणि ताजा पाव वाढला. ठकीला भट्टी दाखवली. भिंतीपलीकडे भट्टी होती म्हणून काचवाल्यांची खोली उबदार होती. तरी त्यांना झोप लागली नाही.

सकाळी निघताना ठकी बाहेर आलीच नाही. ती बेकरीत ओट्यावर चढून बनपावाला जॅम लावण्यात गुंतली होती. तिथूनच तिनं चिकट हात हलवला. तिनं थोडं रडावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यांना लाज वाटली.

सून गाडीपर्यंत आली. तिनं पावाची पिशवी सीटवर ठेवली.

"एकटीनं सांभाळलंस ते," काचवाले म्हणाले.

"नर्स होती ना."

तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो काढवेना, तेव्हा तीच हळूच मागं झाली.

ते घरी पोचले तेव्हा बायकोनं दिवे लावले नव्हते. ठकीची गादी गेली होती तिथं जमीन पुसून घेतली होती, आणि त्या रिकाम्या जागेशेजारी ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिनं सगळं खोदून खोदून विचारलं. काय जेवायला दिलं, घर कोरडं आहे का, पोर रडली का. त्यांनी सगळं सांगितलं. पोर रडली का, याला मात्र "थोडी" म्हणाले.

"घाटात बर्फ होता का?"

"घाट बंद होता. शहरातून गेलो."

बायको थांबली. "हॉस्पिटलवरून?"

"हो."

ती कितीतरी वेळ बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिली. "माझं एवढंच समाधान आहे बघा," ती म्हणाली. "तुमचा आवाज कानात घेऊन गेला." मग थोडी पुढं सरकली. "काय बोलला होतात हो तेव्हा? तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. मीही कधी विचारायला धजले नाही."

काचवाल्यांनी सांगितलं. शोकेसचं सांगितलं, आरशाचं सांगितलं, हात माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणालो तेही सांगितलं. ऐकता ऐकता बायको हसली, मग पदरात तोंड घालून रडली, मग पुन्हा हसली.

"कबूल केलंत एकदाचं! मग? तो काही म्हणाला?"

"नाही," काचवाले म्हणाले. "ऐकत होता."

त्यानंतर बायको लोकांना सांगताना तेही सांगू लागली, की बापानं शेवटी कबूल केलं आणि लेक ते ऐकत होता. काचवाले तेव्हा घरात असले तर मान डोलावतात, आणि गिऱ्हाइकाकडून बोलावणं आलं तर उठून जातात.