म वर्ज्य

मंडळाने मध्यम वर्ज्य ठरवला आणि यामिनी घोलपच्या तोंडातून म निघून गेला.

तो सरळ बाहेर आला आणि टेबलावर बसला. मंडळाचे अध्यक्ष धोत्रे सर यांनी त्याला चिमटीत धरलं, तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकलं आणि झाकण लावलं. त्याच वेळी हॉलच्या सात खिडक्यांपैकी चौथी खिडकी भिंत झाली. कोणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचा चहा निवत होता, तो तसाच निवत राहिला.

यामिनी भांडायलाच आली होती. पेठेत तिची मिरची कांडायची डंकी होती. त्या डंकीच्या ठोक्यांवर तिने एक चाल बांधली होती. मिरची घेऊन येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून ठसकत बसायच्या, पण जाताना ती चाल गुणगुणत जायच्या. आणि परवा काय झालं, तर संगीत विशारद पराग कुंटे यांनी मंडळाच्या जलशात तीच चाल स्वतःची म्हणून गायली. वर तिचा राग सांगून टाळ्याही घेतल्या. राग सांगेल त्याची चाल, असा मंडळाचा नियम. हे ऐकलं आणि यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डंकी हाताखालच्या शेवंताच्या हवाली करून, मिरचीने लाल झालेले हात न धुताच, तिने मंडळ गाठलं.

"या चालीचा राग कोणता?" धोत्रे सरांनी विचारलं होतं.

"राग मला आलाय. दिसत नाही होय?"

"बरं, स्वर सांगा. पहिल्या ठोक्याला कोणता स्वर आहे?"

"मला काय ठाऊक! ठोका पडला की जीव जिकडं जातो तिकडं गळा जातो. पोर पोटात वाढायला आधी नाव ठेवावं लागतं का?"

धोत्रे सर माणूस वाईट नव्हते. त्याचाच जास्त संताप येत होता. चारचौघांसारखे खेकसले असते तर दोन हात करता आले असते. पण ते शांतपणे म्हणाले, "बाई, शास्त्र काही तुमचं वैरी नाही. उद्या तुमचा घसा बसला तर ही चाल कुठे शोधायची? नाव असलं की वस्तू सापडते." त्यात तथ्य होतं. ते यामिनीला कळलं, आणि कळलं म्हणून ती आणखीच भडकली.

"राग भूप आहे, सर," धोत्रे सरांच्या शेजारी बसलेले पराग कुंटे म्हणाले. "फक्त चौथ्या ठोक्याला बाईंनी मध्यम लावलाय. भूपात मध्यम नसतो. चुकून लागला असेल."

"मग वर्ज्य," धोत्रे सर म्हणाले, आणि म गेला तो असा.

चौथ्या ठोक्यालाच तर त्या चालीचा जीव होता. तिथे आल्यावर बायका सुपातला हात थांबवायच्या. यामिनीला ओरडायचं होतं, मी केली ही चाल, माझी आहे. म म्हणायला ओठ मिटावे लागतात, तसे तिने नीट मिटले. उघडले तेव्हा आत काही नव्हतं.

"केली ही चाल. झी आहे," ती म्हणाली.

"कोणी केली?"

"केली!"

"ते समजलं. कोणी?"

"केली! केली!"

"कर्ता सांगता येत नाही यांना," धोत्रे सर हळहळले.

"उतरताना निषादही घेतात, सर," पराग कुंटे म्हणाले. ते यामिनीकडे पाहत नव्हते. "तोही भूपात नसतो."

"वर्ज्य."

नि गेला. तो म च्या शेजारी डबीत पडला आणि सातवी खिडकी भिंत झाली. हॉलमधला उजेड कमी झाला तसा कोणीतरी दिवा लावला.

"चोर! लबाड!" यामिनी कडाडली. हे शब्द शाबूत होते.

"सर, बाई शिव्या देतात."

"देऊ द्या. शुद्ध आहेत." धोत्रे सरांनी चष्मा पुसला. "आता चाल भूपात नीट बसली. बाई, ती परागरावांच्या नावे करायला तुम्ही तयार आहात?"

नाही, यामिनीने जिवाच्या आकांताने सांगितलं.

"ही!"

"हीच म्हणतात बाई."

"ही! ही! ही!"

"हो, हो, हीच. दुसरी कुठली करतोय आम्ही? साक्षीला तुमचं नाव तेवढं सांगा."

यामिनीने नाव सांगितलं. "या."

दार उघडलं आणि बाहेर खोळंबलेली माणसं आत आली. प्रत्येकाच्या तोंडात आपापली चाल होती, कोणी दातांत धरलेली, कोणी गालात. ती भिंतीला लागून बसली.

"नाव, बाई."

"या! या!"

आणखी माणसं आली. खुर्च्या संपल्यावर ती टेबलाभोवती उभी राहिली, मग खिडक्यांत बसली. यामिनीचे गुडघे टेबलाच्या कडेला टेकले आणि कोणाचा तरी श्वास तिच्या मानेला लागू लागला. नाव सांगायचं तिने सोडून दिलं. स्वतःच्या नावाने आपणच गर्दी जमवतोय, याची तिला भयंकर चीड आली.

धोत्रे सरांना दया आली असावी. त्यांनी डबी पुढे धरली. "हे बघा, मला तुमचं काही ठेवून घ्यायचं नाही. भूपाचा आरोह तेवढा म्हणून दाखवा. म्हणजे शास्त्र मान्य आहे, एवढंच. मग मी डबी उघडतो."

"सा, रे, ग, प," पराग कुंटे हळूच म्हणाले. "पुढे ध आणि वरचा सा. सोपं आहे."

यामिनीने डबीकडे पाहिलं. तिचीच चाल हे लोक तिला शाळकरी पोरीसारखं हात पुढे करून मागायला लावत होते. धोत्रे सरांचा राग, कुंट्यांचा राग, इथवर चालत आलेल्या आपल्या पायांचा राग, सगळा एका जागी गोळा होऊन गळ्याशी आला. तिने श्वास भरला. स्वर सुटे सुटे म्हणायची तिला सवय नव्हती. डंकीच्या ठोक्यावर जसे आले तसे तिने ते जोडून म्हटले.

"सारे गप!"

सारे गप झाले.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. दातांत धरलेल्या, गालात धरलेल्या चाली होत्या तिथेच राहिल्या. पराग कुंट्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. धोत्रे सर शाबासकी देत असावेत, त्यांचे ओठ हलत होते. आरोह अजून पुरा व्हायचा होता.

डंकी मात्र साऱ्यांत मोडत नाही. पाचव्या आणि सहाव्या खिडकीतून पेठेतला ठोका आत आला. शेवंताने दुपारचा घाणा घातला होता.

धप.

गर्दीतला एक पाय हलला.

धप.

मग सगळ्यांचे पाय हलले. धोत्रे सरांची चप्पल फरशीवर पडू लागली, कुंट्यांचा बूटही. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना चाल येत होती.

धप.

चौथ्या ठोक्याला सारे पाय वर उचलले गेले आणि खाली आलेच नाहीत. डंकीही वरच थांबली. गच्च भरलेला हॉल एका पायावर उभा होता आणि सगळे यामिनीकडे बघत होते. धोत्रे सरांच्या मुठीत डबी खडखडत होती.

यामिनीने ओठ मिटले.