बत्तीत कोंडलेला सूर्य

हसनाबादेत पटकी आली त्या आषाढात भुजंगबाबाच्या तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काचेच्या झाकणाची पत्र्याची पेटी, आत वाटीभर पाणी आणि काचेला बाहेरून खेटून चार गॅसबत्त्या. पाणी खळखळलं की बायका हात जोडायच्या.

"बत्तीत सूर्यनारायण कोंडलाय, माय! पेटी घरी न्या, उन्हात ठेवा. चुलीला सुट्टी, पटकीलाबी सुट्टी!" बाबा सांगायचा.

माझ्या मास्तरकीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी उकळून प्या, असं सांगून सरकारी डॉक्टरांचा घसा बसला होता, आणि गाव पेटीतलं पाणी पोरांना पाजत होतं. ते तापलं की नाही, कुणीच पाहिलं नाही. तीर्थात बोट कसं घालायचं?

एका दुपारी मी तंबूत असताना गावातली नंदाबाई धावत आली. "बाबा, तुमच्याच पेटीतलं पाजून राह्यले, तरी पोराला जुलाब लागले! डोळे खोल गेले त्याचे!"

"भाव कमी पडला तुझा," बाबा पान चघळत म्हणाला.

शी! किळस आली मला. पोराला आधी त्याच्या बापासोबत डॉक्टरांकडं धाडलं. मग बाबाचीच पेटी उचलून बाहेर उन्हात मांडली. तासाभरानं नंदाबाईनं काच काढली आणि सरळ बोट बुडवलं.

"कोमट हाय!"

"ढग आडवा आल्ता," बाबा ओरडला.

"मंग पटकी काय ढग पाहून येती का?" नंदाबाई कडाडली.

मी पेटी परत तंबूत आणली आणि बत्त्या तिच्यापासून दोन हात मागं ओढल्या. वाटीतलं पाणी उकळेना.

"पाहा," मी म्हणालो, "बत्ती बोटभर लांब, जागची हलत न्हाई, तंबूत वारा न्हाई. बत्तीच्या धगीनंच वाटी तापते. बाहेर ऊन सरकतं, ढगाआड जातं, वारा पत्रा गार करतो. बत्तीपुढं चालली म्हणून पेटी उन्हात चालंल, हे कुणी सांगितलं?"

नंदाबाईनं तीच वाटी बाबापुढं धरली. "घ्या तीर्थ. प्या."

"माझा उपास हाय."

"उपासाला पाणी चालतं की!"

बाबा मागं सरकला. कडूबा कोतवालानं मागचा पडदा ओढला. तिथं स्टोव्हवर बाबाच्या पिण्याच्या पाण्याचं पातेलं उकळत होतं.

नंदाबाईचं पोरगं वाचलं. शेजारच्या सगुणाबाईची नात गेली.

बाबांनो, सूर्याला खुशाल नमस्कार करा. पण पाणी चुलीवर ठेवा, ते उकळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि मगच लेकराच्या तोंडाला लावा.