वीस पोरांची शाळा

गुणवंतराव मास्तर आरमोरीचे. कोसमटोल्यात त्यांना चौथं वर्ष लागलं होतं, आणि माणसानं चौथं वर्ष काढावं असं त्या गावात काही नव्हतं, असं त्यांचं मत होतं. माडियांची पंचवीस घरं, जनपद सभेची एक शाळा, शाळेवर गवताचं छप्पर, आणि त्याच छपराखाली मागच्या बाजूला एक खोली. खोलीत मास्तर. मृगापासून दसऱ्यापर्यंत नदी भरलेली असे. पलीकडच्या काठावरून कोणी हाक मारली तर ऐकू येई, माणूस मात्र येऊ शकत नसे. उरलेले महिने मोटारीच्या रस्त्याला लागायला दीड दिवसाची गाडीवाट होती. धाकटी मुलगी झाल्याचं पत्र त्यांच्या हाती पडलं, तेव्हा मुलगी पालथी पडायला लागली होती.

बदलीसाठी त्यांनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं : दुसरा माणूस मिळाल्यावर विचार करू. दुसरा माणूस एकदा आलाही होता. नदीच्या काठापर्यंत आला, पलीकडचं रान पाहिलं, पोटात दुखतं म्हणाला आणि परत गेला.

शेवटी कचेरीतल्या पत्रू कारकुनानं त्यांना वाट दाखवली. "मास्तर, तुमाले कोणी सोडवत नाई. शाळाच बंद झाली पायजे. विसाच्या आत पोरं भरली का सभा शाळेले पैसा देत नाई. अन् शाळाच नाई त मास्तर कायले ठेवतीन? समजलं काय?"

समजलं.

पहिली तीन वर्षं मास्तर रोज सकाळी अंगणाअंगणातून फिरत. कोणाला झाडावरून उतरवत, कोणाला बकऱ्यांमधून ओढून आणत. त्या वर्षी ते दारात बसून राहिले. येतील ते येतील, म्हणाले. सरासरी चौदावर आली. रजिस्टरात चौदाच मांडले, एकही कमी नाही की जास्त नाही. खोटं त्यांनी काही केलं नाही, फक्त करायचं ते केलं नाही. शाळेची दशा तरी काय होती? फळा मधोमध चिरलेला, नकाशा वाळवीनं खाल्लेला, चौघांत एक पाटी. पुस्तकं दोन वर्षांत आली नव्हती. असल्या शाळेचं काय अडतं, असं ते मनाला सांगत.

एक धुरपता तेवढी न चुकता येई. ती गावच्या गायत्याची, पोचूची, नात. गायता म्हणजे गावचा पुजारी, देवाधर्माच्या गोष्टींत त्याचा शब्द शेवटचा. पोरीनं शाळेतली दोन्ही पुस्तकं तोंडपाठ केली होती. मग ती बाजारातून मीठ-गूळ बांधून आलेले वर्तमानपत्रांचे तुकडे वाचायला लागली. सकाळी शाळा झाडायची आणि अक्षर दिसेल तिथं वाचत उभं राहायचं, हा तिचा नेम.

माघात डिप्टी साहेबांचं पत्र आलं. वार्षिक तपासणीला येतो, सोयीचा दिवस कळवा. मास्तरांनी दिवस काढला तो मोहाच्या भर हंगामातला. मोह गळायला लागला की गायता एक दिवस ठरवून पंडुम करतो, म्हणजे देवाला नवी फुलं वाहतो. तोवर खाली पडलेल्या फुलाला कोणी हात लावत नाही. पंडुम झाला की दुसऱ्या दिवसापासून गाव पहाटेच टोपल्या घेऊन रानात, पोरांसकट. तीन वर्षं मास्तर हे पाहत होते. फुलं पडली की दोन-तीन दिवसांत पंडुम होई. साहेब येतील तेव्हा गावात म्हाताऱ्या आणि कोंबड्याच असतील.

साहेबांचं उत्तर आलं. दिवस पक्का झाला. खाली नेहमीची ओळ होती : उपस्थिती विसाहून कमी आढळल्यास शाळा बंद करून शिक्षकास अन्यत्र नेमण्यात येईल. मास्तरांनी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली, कागद दौतीखाली ठेवला आणि त्या दिवशी घरून आलेल्या लोणच्याची बरणी उघडली.

चैत्रात मोह गळू लागला. रानातून गोड वास येऊ लागला. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पोचू गायता काही पंडुमाचं नाव काढीना. बाया कुरकुरायला लागल्या. सोमारी तर त्याच्या अंगणात रिकामी टोपली आपटून बोलली, "फुलं सडून राह्यली, बाबा. अस्वलं खाऊन खाऊन फुगली."

"अस्वलालेही पोट हाय," पोचू म्हणाला.

"अन् आमाले?"

"तुले तोंड हाय. ते चाललंच हाय."

मास्तरांनाही राहवेना. "काऊन गायता, यंदा देव उशीर करून राह्यला?"

"देवाले काय घाई, गुरुजी? त्याले कुठी जायचं हाय?"

साहेबांचा दिवस उजाडला. साहेब बैलगाडीतून उतरले, मागून चपराशी पेटी घेऊन उतरला. मास्तर शाळेच्या दारात धुतलं धोतर नेसून उभे होते, तोंडावर दुःख कसं आणायचं ते मनात ठरवत. तेवढ्यात घराघरांतून पोरं निघाली. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोपडलेली डोकी, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. येत गेली, बसत गेली. चपराशानं मोजली. एकतीस भरली. त्यांच्यामागून सगळं गाव येऊन कुडाला टेकून उभं राहिलं.

"आज पंडुम हाय," पोचू मास्तरांना म्हणाला. "आज शिवेबाहेर कोनी जात नाई."

साहेबांनी पाढे विचारले. जेमतेम जमले. मग धुरपतेला उठवलं. तिनं साहेबांच्या हातातलं नवं पुस्तक घेतलं आणि पूर्वी कधी न पाहिलेलं पान घडाघडा वाचून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, रजिस्टर उघडलं आणि त्यांना हसू आलं.

"मास्तर, बाकीचे लोक चौदाचे एकतीस करतात. तुम्ही उलटंच केलंत?" मग ते पोचूकडे वळले. "पाटील, ही पोरं रोज येतात का?"

पोचूला खोटं बोलता येत नसे. "नाई. आज आनली. या पोरीनं दौतीखालचा कागद वाचला. वीस नसली त गुरुजीले काढतीन म्हने. मागं जंगलाच्या नाकेदाराले काढलं, त त्याची बायको रडत गेली. आमचा गुरुजी काई चोर नाई. म्हनून पंडुम थांबवला. सा दिस."

"सरकारी कागद हिनं वाचला?" साहेब धुरपतेकडे पाहत राहिले.

मास्तरांनी दाराबाहेर पाहिलं. सोमारी टोपलीवर टोपली ठेवून उभी होती, दोन्ही रिकाम्या. वाऱ्यावर आंबलेल्या मोहाचा वास येत होता. आषाढात नदी भरली आणि कोठीतलं कोसऱ्याचं धान्य संपलं की हे गाव मोह उकडून खातं, हे त्यांनी तीन पावसाळे पाहिलं होतं. सहा दिवसांची फुलं म्हणजे पंचवीस चुलींवर किती दिवस, याचा हिशोब त्यांना येत होता आणि करवत नव्हता.

"मास्तर," साहेब म्हणाले, "आजच्या आकड्यावर शाळा ठेवता येईल. पण मला तुमचा शब्द पाहिजे. मोह संपल्यावर ही पोरं येतील?"

'सांगता येत नाही, साहेब.' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. परतीच्या गाडीत जागा होती. पोरं येणं कोणावर आहे, हे त्या शाळेत एकट्या मास्तरांनाच ठाऊक होतं.

"येतील," ते म्हणाले.

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत बराच वेळ लिहिलं. साहेब गाडीत बसताना मास्तरांनी हळूच बदलीची आठवण करून दिली.

"आता? चालत्या शाळेतून माणूस कसा काढू? दुसरा कोणी मिळाला तर पाहू. पण खरं सांगू, मी लिहिलंय, शक्यतो यांना हलवू नये." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. गाडी गेली.

पंडुमाच्या प्रसादाचा पहिला द्रोण पोचूनं मास्तरांच्या हातात दिला. "आता तुले कोनी काढत नाई, गुरुजी. बेफिकीर राहा."

"हो," मास्तर म्हणाले.

"तुही बायको आरमोरीत काऊन ठेवली? इथी आन. खोली लहान हाय म्हनून नाई येत काय?"

मास्तरांनी द्रोण या हातातून त्या हातात घेतला. पोचूनं तो होकार धरला. त्यानं चार गडी बोलावले. खोली पुढं किती ओढायची, बल्ल्या कोणत्या रानातून तोडायच्या, दार कुठी करायचं, यावर त्यांचा वाद सुरू झाला. पोरं किती हायेत, एकानं विचारलं. दोन पोरी, मास्तर म्हणाले.

"मंग त झालं," पोचू हसला. "त्याई बसतीन शाळेत. विसाची काळजीच मिटली."

एक जण मास्तरांच्या खोलीपासून पावलं टाकत मोजत निघाला. आठ, नऊ, दहा. मास्तर त्याच्या वाटेतच उभे होते. ते बाजूला झाले.