पाचटाची भूक

आमच्या कोरेगावकडच्या गावात उसाची तोड झाली की मागे राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, त्याच आठवड्यात पेटायचं. रान तव्यासारखं स्वच्छ व्हायचं आणि तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटायचा. या दुसऱ्या पिकाला आम्ही खोडवा म्हणतो. पाचट जाळायला कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. चौऱ्याहत्तर साली मात्र आमच्या हवालदारांनी काडी ओढायला साफ नकार दिला.

हवालदार म्हणजे माझे मालक, लालासाहेब. पंधरा वर्षं पलटणीत, बरीचशी आसामात, काढून नुकतेच घरी आले होते. लग्नानंतर मला नवरा मिळाला तो रजेपुरता. आला म्हणेपर्यंत ट्रंक भरायची वेळ व्हायची. त्यामुळे ते आता कायमचे आले याचा मला इतका आनंद होता, की त्यांनी रानात पाचट ठेवलं काय आणि हत्ती बांधला काय, मला सारखंच होतं.

थोरले दीर जोतीराम घरचे कारभारी. त्यांना हे पटेना.

"दादा, आसामच्या जंगलात पाला कोण जाळतंय?" हे म्हणाले. "आन् तितं खताचं पोतं कोण न्हेतंय? तरी झाडं बघावीत तर ही उंच! औंदा युरिया मिळंना, मग हाय ते कशापाई जाळायचं?"

"मग जंगलातच ऱ्हायचं हुतंस की," दीर म्हणाले. मग म्हणाले, "बरं. वढ्याकाठचं रान तुझं. पावसाच्या आत खोडवा सुदारला तर ठीक. न्हाईतर मी नांगर घालणार, आन् तू पुण्याला चालून आलेल्या पहारेकऱ्याच्या नोकरीवर जायाचं. एका घरात दोन कारभारी नगंत."

मी दाराआड पदर सावरून ऐकत होते. पुणे आसामपेक्षा जवळ खरं, पण ह्यांचं रिकामं ताट ते रिकामंच.

हवालदारांनी शेजारची आग येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा साफ केला आणि पाचट सरीत दाबलं. त्याच सुमारास माण तालुक्याकडचा बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन आला. रात्रभर मेंढरं रानात बसवली की लेंड्या-मुताचं आयतं खत मिळतं, म्हणून आमच्याकडे धनगराला कुणी परत पाठवत नाही. आमच्या वाट्याला एकच रात्र आली. मेंढरं वरच्या कोपऱ्यात बसली आणि सकाळी पुढच्या गावाला गेली.

चैत्र सरता सरता खोडवा पिवळा पडला. गावाला तेवढंच हवं होतं. "हवालदारानं हळद लावलीया जनू," म्हणून लोक दात काढायचे. सोसायटीतून कसंबसं मिळालेलं युरियाचं एकच पोतं होतं. त्यातला थोडा ह्यांनी उसाच्या बुडाला टाकला, जसा सगळे टाकतात तसा. पिवळेपणा काही हटेना. हे जेवणात लक्ष देईनात आणि मी त्यांच्यावर उगाच खेकसायला लागले.

एक दिवस रागारागानंच गवताला गेले. वरच्या कोपऱ्यात आले आणि थबकले. तिथला ऊस काळपट हिरवा होता! खालचं पाचट हातात घेतलं तर भिजल्या भाकरीसारखं चुरलं. चार पावलं खाली तेच पाचट कडकडीत, आणि ऊस आजारी. मेंढरं काही उसाच्या बुडात बसली नव्हती. ती बसली होती पाचटावर.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "आवं, युरिया पाचटावर फेका."

"याड लागलं का तुला? मिळंना ते खत कचऱ्यावर टाकू?"

"कचराच तर भुक्याजलाय. त्याला कुजायला खायाला लागतंय, म्हून तो उसाच्या तोंडचं वढून घेतोय. आदी त्याचं प्वाट भरा, मग त्योच उसाला घालंल. कोपऱ्यात चला, डोळ्यांनी बघा."

ते आले, बघितलं आणि पोतं आणायला घराकडे वळले. मग उरलेला युरिया दोघांनी मिळून पाचटावर शिंपला आणि वर पाणी सोडलं. त्या दिवसांत मी देवाला काय काय बोलले, ते देवालाच ठाऊक.

हळूहळू पाचट काळं पडलं, बसलं, मऊ झालं. उसानं आधी रंग धरला, मग अंग. उन्हाळ्यातही खाली ओल टिकली. मिरगाच्या तोंडाला सोसायटीत पुन्हा खत आलं, तेव्हा गाव रांगेत उभं होतं आणि आमचे हवालदार घरात चहा पीत होते. एरवीच्या निम्म्या खतावर आमचा खोडवा गावात उजवा होता.

मग एकदा दीर रानात आले. वाकून पाचट उकरलं. खाली गांडुळं वळवळत होती. घरी आले आणि ओसरीवर टेकले.

"लाला, माझ्या रानाची तोड झाली की तितं बी पाचट ठिवू," ते म्हणाले. "मला एकट्याला जमायचं न्हाई. तू लागशील. पुण्याला न्हाई म्हून कळीव." मग मी उभी होते त्या दाराकडे न बघताच म्हणाले, "आन् अंबूबाईला बी आण संगं. तिला कळतंय."

मी पदर तोंडाला लावून रडले. लपवलं नाही.

हे हसत माझ्याकडे वळले. "काय गं, जाऊ का दादाच्या रानात?"

"जावा की," मी म्हटलं, "पर रातच्याला जेवायला घरी या."

"अगं, वढ्यापल्याड तर जायाचं हाय!"

असेना का. पंधरा वर्षांत हे वाक्य मला एकदाही म्हणता आलं नव्हतं.