एकोणिसाला बोलावणं

मंगळवारी सकाळी त्र्याहत्तर कोटी एक्कावन्न लाख चौतीस हजार चारशे ही संख्या इंदूबाई तायवाडे यांच्याकडे राहायला आली. दिवाणावर ती पुरती मावेना. शेवटची दोन शून्यं खाली लोंबत राहिली.

चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या इंदूबाईंना आता कोणाचं काही सोडवायचं नव्हतं. पण आतल्या खोलीतून नवऱ्याने, बळवंतरावांनी, गुडघे चोळत सांगितलं, "अगं, दारी आलेल्याला नाही म्हणू नये."

चहा उकळेपर्यंत संख्येचे विभाजक यायला लागले.

"किती जण आहेत?"

"मला धरून तेराशे चव्वेचाळीस," संख्या अवघडून म्हणाली. "जेवणाचं बघू नका. त्यांना फक्त सारखे वाटे लागतात."

एक आला, तेव्हा काहीच बदललं नाही. दोन आला आणि घराचे दोन भाग झाले. तीन आला, तीन झाले. जो तो आपल्या भिंती घालायचा, "बाकी शून्य" म्हणायचा आणि मगच चपला काढायचा. सात आल्यावर स्वयंपाकाचा ओटा गेला. अकरा आल्यावर बळवंतरावांची खोली इतकी लांब गेली, की त्यांचा खोकलाही उशिरा पोचायला लागला.

"अहो, गोळी घेतलीत का?" इंदूबाई ओरडल्या.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "कोणती?"

अठरा आला. त्याच्यामागून वीस आला. टेकायला कुठे जागा नव्हती, तरी हजेरी घ्यायची सवय जाते थोडीच!

"एकोणीस कुठंय?"

"त्यांचं-आमचं जाणं-येणं नाही," संख्या म्हणाली. "मला एकोणिसाने भाग जात नाही."

इंदूबाईंनी पदर खोचला आणि त्या चौकात गेल्या. एकोणीस पानटपरीच्या बाकावर एकटाच बसला होता.

"मला कोणी बोलावत नाही, बाई."

"मी बोलावते. चल."

"येऊन काय करू?"

"भाग घाल. मला काहीतरी उरू दे, बाबा."

त्याने भाग घातला. दुपार सरली. शेवटी घाम पुसत, खाली मान घालून तो पुटपुटला, "बाकी चार."

खिडकीखाली चार फरश्या उरल्या. त्या कोणाच्याच वाट्याच्या नव्हत्या. इंदूबाईंनी तिथे उशी टाकली.

"अहो, या इकडे! दोघांपुरती जागा झाली."

लांबून काठी टेकल्याचा आवाज आला. त्या आडव्या झाल्या. दिवसभरात पहिल्यांदा पाठ टेकली, तसे डोळे मिटले.

पायाशी कोणीतरी खाकरलं. सकाळीच आलेला चार पुन्हा चपला घालून उभा होता.

"बाई, माझं नाव घेतलं ना आत्ता? जरा सरकता?"

इंदूबाई सरकल्या. चारने चारही फरश्या नीट वाटल्या, "बाकी शून्य" म्हणाला आणि चपला काढल्या.

काठीचा आवाज येतच होता, तेवढ्याच लांबून.